नायजेरियात राज्यं तिनाची छत्तीस झाली, तरी भांडण मिटेना. चुकलं कुठं?

शिरोली_फौंड्री

रामराम मंडळी. विषय लांबचा वाटेल, पण वाचत गेलात तर आपल्या दारात येतो, म्हणून इथं टाकतोय.

मशिनरीच्या देखभालीच्या कामावर काही वर्षं नायजेरियात होतो. आधी लागोस, मग उत्तरेला कानो. कानोच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारे एक गृहस्थ होते. जन्म कानोचा, शाळा कानोची, हौसा भाषा अस्खलित. एकदा ते पोराच्या प्रवेशाचा फॉर्म भरत होते, मी समोर चहा पीत बसलो होतो. फॉर्मात एक रकाना, 'मूळ राज्य'. त्यांनी लिहिलं इमो. इमो म्हणजे तिकडं आग्नेयेला, इग्बो लोकांचा मुलूख. पोरानं ते राज्य डोळ्यानं बघितलेलं नव्हतं. म्हटलं, अहो कानो लिहा की. तर म्हणाले, कानो लिहायचं तर इथल्या स्थानिक शासनाचा मूळ रहिवाशाचा दाखला लागतो, आणि तो आजा कुठला ते बघून देतात.

इंग्रजांनी १९१४ साली उत्तर आणि दक्षिण असे दोन वेगळे कारभार एका दाव्याला बांधले. १९६० ला स्वातंत्र्य आलं तेव्हा तीन प्रांत होते. उत्तरेत हौसा-फुलानी, पश्चिमेत योरुबा, पूर्वेत इग्बो, आणि या तीन मोठ्यांच्या बगलेत अडीचशेच्या वर लहान जमाती. १९६६ ला दोन लष्करी उठाव. २७ मे १९६७ ला चार प्रांत मोडून बारा राज्यं केली (मधल्या काळात १९६३ ला चौथा प्रांत झाला होता), तीन दिवसांत पूर्वेनं बियाफ्रा म्हणून वेगळं व्हायची घोषणा केली, आणि जानेवारी १९७० पर्यंत युद्ध. पुढं बाराची एकोणीस, एकवीस, तीस, आणि १९९६ पासून छत्तीस. दर वेळी कारण एकच, मोठ्यानं लहानाला गिळू नये. तरी आजही नव्या राज्याच्या मागण्या चालूच आहेत.

आता माझा सवाल. भाषा आणि जमात बघून राज्यं द्यावीत का नकोत? आपण १९५६ आणि १९६० ला तेच केलं. आपलं टिकलं, त्यांचं का धुमसतंय? का आपलंही टिकलंय असं नुसतं वाटतंय?

कटवाला

सोपं आहे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला विलीन झालं, ते परत द्या. सदतिसावं राज्य. राजभाषा कोल्हापुरी, राष्ट्रीय पेय तांबडा. विषय कट.

दादर_टीटी

भाषावार प्रांतरचना हीच मूळ चूक. कारभाराच्या सोयीनं सरळ रेषेत चौकोनी राज्यं करायला हवी होती. भाषेचा संबंधच काय?

कटवाला

@दादर_टीटी, सरळ रेषेत म्हणजे इंग्रजानं आफ्रिकेत केलं तसं? धाग्याचं नाव वाचलंत का साहेब?

मास्तरीणबाई

राज्यशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

दादरकर, तुम्ही म्हणता तेच दिल्लीला १९४८ मध्ये वाटत होतं. धर आयोगानं सांगितलं, भाषेवर राज्यं नकोत. मग नेहरू, पटेल आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीनंही तूर्त नको म्हणून टाळलं. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, त्यांची भीती समजू शकते. पण १५ डिसेंबर १९५२ ला पोट्टी श्रीरामुलू उपोषणात गेले, तेलुगू मुलूख पेटला, आणि १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र द्यावंच लागलं. मग फजल अली आयोग, १९५६ चा कायदा. आपल्याला तेव्हाही मिळालं नाही, गुजरातसह द्विभाषिक मुंबई गळ्यात मारली. त्यासाठी किती रक्त सांडलं ते इथं सांगायची गरज नाही.

आता शेजारी बघा. पाकिस्ताननं १९५५ ला पश्चिमेकडचे सगळे प्रांत मोडून एक घटक केला, तिकडं बंगाली माणसावर उर्दू लादायचा प्रयत्न आधीपासून चालूच होता. १९७१ ला देशच दुभंगला. श्रीलंकेनं १९५६ ला फक्त सिंहली राजभाषा केली, त्याची किंमत तीन दशकांनी यादवी युद्धात मोजली. आणि नायजेरियातच, शिरोलीकरांनी जो तपशील गाळला तो मोलाचा आहे. मे १९६६ मध्ये जनरल इरोन्सी यांनी हुकूम काढून प्रांतच रद्द केले, सगळा देश एका कारभाराखाली. उत्तरेत दंगली उसळल्या आणि जुलैत दुसऱ्या उठावात त्यांनाच मारलं.

म्हणजे वेगळेपण मान्य केलं म्हणून देश फुटले याचे दाखले कमी. ते दडपायला गेल्यावर फुटले, याचे ढीगभर.

बावड्याचा_वकील

बाईंशी सहमत, एक पुरवणी. आपल्या घटनेचं कलम ३ फार लवचीक आहे. नवं राज्य करायला किंवा हद्द बदलायला संसदेत साधं बहुमत पुरतं. संबंधित विधानसभेचं मत मागवायचं, मानायचं बंधन नाही. म्हणून नागालँड, हरियाणा, झारखंड, तेलंगणा हे सगळं आंदोलन, वाटाघाटी आणि मतदान या मार्गानं झालं. नायजेरियात १९६३ चा तो एक प्रांत सोडला तर सगळी राज्यं लष्करशहांनी रातोरात हुकूम काढून केली. १९९९ ला लोकशाही आली आणि तेव्हापासून एकही नवं राज्य झालेलं नाही, कारण त्यांच्या घटनेत ती वाट इतकी अवघड ठेवली आहे.

हेच कलम ३ उलटंही चालतं बरं का. २०१९ ला जम्मू-काश्मीरचं राज्यपद गेलं आणि दोन केंद्रशासित प्रदेश झाले, तेव्हा तिथली विधानसभा अस्तित्वातच नव्हती. लवचीकपणा कुणाच्या हातात आहे त्यावर सगळं.

पूर्वपरीक्षा_नापास

वकीलसाहेब, हे परीक्षेला येईल का?

बावड्याचा_वकील

येईल. आणि हे येणार नाही, पण ऐक. १९७९ ला नायजेरियात नियम होता, अध्यक्ष व्हायचं तर एकूण मतं सर्वांत जास्त हवीतच, शिवाय दोन तृतीयांश राज्यांत प्रत्येकी किमान २५ टक्के. म्हणजे नुसत्या आपल्या जमातीच्या जोरावर कुणी निवडून येऊ नये. उत्तम नियम. पण राज्यं होती १९. एकोणिसाचे दोन तृतीयांश काढ बघू.

पूर्वपरीक्षा_नापास

१२ पूर्णांक दोन तृतीयांश. आयला!

बावड्याचा_वकील

शेहू शगारी यांना बारा राज्यांत २५ टक्के मिळाले. तेरावं कानो, तिथं सुमारे २० टक्के. विरोधक अवोलोवो म्हणाले, राज्याचे तुकडे कसे करता, तेरा धरा. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि निकाल शगारींच्या बाजूनं. तेराव्या राज्यात पंचवीसच्या दोन तृतीयांश मतं मिळाली तरी चालतील, असा हिशेब तिथं मान्य झाला. देशाचा अध्यक्ष अपूर्णांकावर ठरला.

कटवाला

आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत ही युक्ती वापरणार. नाद खुळा.

निपाणीकर

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो.

तुम्ही सगळे राज्य कसं करावं यावर बोलताय. राज्य झाल्यावर जे रेषेच्या पलीकडं राहिले त्यांचं काय, हे आमच्याकडं येऊन बघा. निपाणी ते कोल्हापूर तासाभराचा रस्ता. सोयरीक इकडं, दवाखाना इकडं, दिवाळीची खरेदी इकडं. पण शेताचा उतारा कन्नडमध्ये. माझ्या वडलांना तो शेवटपर्यंत दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला. स्वतःच्या रानाचा कागद दोन्ही हातांत धरून, समोरच्याच्या तोंडाकडं बघत उभं राहायचं. ज्याच्याकडून वाचून घेतला तो भला माणूस होता म्हणून निभावलं.

दोन्हीकडं ताण वाढला की एसटी कोगनोळीच्या अलीकडंच थांबते. मग पोरं पिशव्या डोक्यावर घेऊन चालत हद्द ओलांडतात.

महाजन आयोग १९६६ ला आला, त्यासाठी सेनापती बापटांना उपोषण करावं लागलं. १९६७ ला अहवाल. बेळगाव तिकडंच ठेवलं, २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला द्या म्हणाले. महाराष्ट्रानं तो फेटाळला. २००४ ला सर्वोच्च न्यायालयात दावा, तारखा चालू. महाराष्ट्र ८६५ गावं मागतोय, आम्ही त्यातलेच. २०२३ ला महाराष्ट्रानं या गावांना जन आरोग्य योजना लागू केली, तर कर्नाटक म्हणालं हा आमच्या कारभारात हस्तक्षेप. औषधाच्या गोळीवरसुद्धा हद्द असते हे तेव्हा कळलं.

पंचगंगाकाठ

निपाणीकर दादा, वाचून कसंतरी झालं. आम्ही पाठीशी आहोत.

मिरजेची_मामी

निपाणीकरांचं दुःख खरं आहे, पण दुसऱ्या बाजूनंही एक सांगते. शिरोळ, जत भागात कन्नड बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. माझ्या सासूबाई देवघरात कन्नड आणि स्वयंपाकघरात मराठी. त्यांना कधी कुणी विचारलं का, की तुमच्या भाषेत कागद पाहिजे का?

जत तालुक्यातल्या चाळीसएक गावांनी आम्हाला कर्नाटकात घाला असा ठराव केला होता, आठवतंय ना? ती काही भाषेची हौस नव्हती. पाणी नव्हतं. २०२२ ला कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी तोच ठराव उकरून गावांवर हक्क सांगितला, तेव्हा कुठं इकडं विस्तारित म्हैसाळ योजनेची धावपळ सुरू झाली. तहानलेल्या माणसानं शेजारच्या राज्याचं नाव घेतलं की आपलं राज्य जागं होतं, हा अनुभव.

आणि मार्गशीर्षात यल्लम्माला सौंदत्तीला कोल्हापूरच्या गाड्या भरभरून जातात, तेव्हा कुणी हद्द बघत नाही हो.

बावड्याचा_वकील

मामी, गंमत बघा. ते २०२२ चे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई. त्यांचे वडील एस. आर. बोम्मई यांचं सरकार १९८९ ला केंद्रानं बरखास्त केलं होतं. त्यावरून १९९४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की बहुमत राजभवनात नाही, सभागृहात तपासायचं, आणि संघराज्य हा घटनेच्या मूळ चौकटीचा भाग आहे. देशातल्या सगळ्या राज्यांना ज्या खटल्यानं कवच दिलं तो या घरातला. आणि त्याच घरातून जतवर दावा.

संत्रानगरी

वा. सगळं पश्चिम महाराष्ट्राभोवतीच फिरतंय, सवयीप्रमाणे. १९५३ चा नागपूर करार कुणाला आठवतो का? त्याच्या भरवशावर विदर्भ तुमच्यात आला. वर्षातून एकदा हिवाळी अधिवेशनाला येता, हुरडा खाता अन् परत जाता. कलम ३७१ नुसार आमच्यासाठी विकास मंडळ होतं, त्याची मुदत २०२० मध्ये संपली. डॉ. आंबेडकरांनी १९५५ मध्येच लिहून ठेवलं होतं की मराठी मुलखाची एकापेक्षा जास्त राज्यं करा. भाषा एक म्हणून राज्य एकच पाहिजे असं थोडीच आहे?

पंचगंगाकाठ

म्हणजे शेवटी महाराष्ट्र तोडायचाच? निपाणीकर आत यायला धडपडतोय आणि तुम्ही बाहेर जायला.

संत्रानगरी

बाहेर म्हणजे कुठं? भारतातच राहू ना भाऊ.

व्यवस्थापक

विदर्भासाठी वेगळा धागा आहे. वैयक्तिक शेरे उडवले आहेत. कृपया मूळ विषयावर या.

पंचगंगाकाठ

मूळ विषयच तर सांगतोय. संघराज्याचा आमच्याकडचा अर्थ म्हणजे अलमट्टी, कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण. २०१९ ला आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आमच्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ आहे. शिरोलीपाशी महामार्ग बंद, शहरात दूध नाही, पेट्रोल नाही. २०२१ ला परत तेच. आता ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ पर्यंत पाणी अडवायचं म्हणतात. आम्ही बुडायचं आणि त्यांनी पिकवायचं?

आयताकृती_मोरी

पाटबंधारे खात्यात नोकरी झालीय, म्हणून बोलतो. ५२४.२५६ हा आकडा कर्नाटकानं काल काढलेला नाही. कृष्णा पाणी तंटा लवाद दोननं, म्हणजे ब्रिजेशकुमार लवादानं, २०१० च्या निवाड्यात दिलेला आहे. आणि २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्र सरकारनंच नेमलेल्या वडनेरे समितीनं अहवालात म्हटलं की पुराचं कारण अलमट्टी नाही. अतिवृष्टी, आणि पूररेषेच्या आत आपण घातलेली बांधकामं.

पंचगंगाकाठ

समित्या कुणाच्या बाजूच्या असतात ते आम्हाला शिकवू नका. पाणी उतरत का नव्हतं ते सांगा.

आयताकृती_मोरी

सांगतो की. नदीचा उतारच तिथं कमी आहे, वरून सगळ्या उपनद्या एकाच वेळी येतात, आणि पुलांच्या भरावांनी वाट अडते. तुम्हाला पटणार नाही, ठीक आहे. पण माझा मुद्दा वेगळाच आहे. दर पावसाळ्यात अलमट्टीतून किती विसर्ग सोडायचा हे दोन राज्यांचे अभियंते फोनवर, बैठकीत ठरवतात. कोण कुठल्या पक्षाचं सरकार आहे ते न बघता आकडे देवाणघेवाण होतात. बातमी होत नाही, कारण भांडण नसतं. त्याआधीच्या बच्छावत लवादानं कृष्णेचं पाणी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८०० टीएमसी (अब्ज घनफूट) दिलं, त्यावर तिघांनीही कुरकूर केली आणि तिघांनीही तेवढ्यावर धरणं बांधली. संघराज्य चालतं ते असं.

कटवाला

@आयताकृती_मोरी, एवढ्या गंभीर मुद्द्याला हे नाव घेऊन आलात, सलाम.

पेनांगवाला

मलेशियात राहतो, तिथलं सांगतो. १९६३ ला साबा आणि सारावाक बोर्निओ बेटावरून मलेशियात आले ते अटी घालून. त्यातली एक अजून चालू आहे. द्वीपकल्पावरचा मलेशियन नागरिक सारावाकला गेला तर विमानतळावर त्याची तपासणी होते आणि तिथं नोकरी करायची तर परवाना लागतो. स्वतःच्याच देशात! सुरुवातीला मला हे विचित्र वाटायचं. पण तिथल्या इबान, बिदायुह लोकांना विचारलं तर म्हणतात, ही अट नसती तर आम्ही आमच्याच जमिनीवर परके झालो असतो. सिंगापूर याच संघात आलं होतं, १९६५ ला बाहेर पडावं लागलं. सगळ्यांना एकच माप लावलं म्हणजे न्याय झाला असं नसतं.

दादर_टीटी

मग हे शिरोलीकरांच्या स्टोअरवाल्याला दाखला न देण्याहून वेगळं कसं? तिकडं वाईट आणि सारावाकला चांगलं?

मास्तरीणबाई

दादरकर, हा प्रश्न बरोबर विचारलात. (तुमच्या पहिल्या प्रतिसादापेक्षा सुधारणा आहे.)

फरक मला असा दिसतो. सारावाक किंवा आपलं नागालँड, मिझोराम, तिथं मोठ्या लोंढ्यापुढं लहान समाज बुडू नये म्हणून कुंपण आहे. आणि ते वाटाघाटी करून, सगळ्या देशानं मान्य केलेलं आहे. कानोत हौसा बहुसंख्य आहेत. त्यांना स्टोअरवाल्याच्या पोरापासून कसलं संरक्षण हवं? तिथं दाखला म्हणजे नोकऱ्या आणि कॉलेजच्या जागा आपल्यांत ठेवायची किल्ली. बरं, नियम आला तो चांगल्या हेतूनं. केंद्रातल्या नेमणुकांत सगळ्या राज्यांना वाटा मिळावा अशी त्यांच्या घटनेत तरतूद आहे. पण वाटा राज्यागणिक म्हटल्यावर तू कुठल्या राज्याचा हे ठरवावं लागतं, आणि ते राहण्यावरून न ठरवता रक्तावरून ठरवलं. जोस शहराच्या आसपास मूळचे कोण आणि उपरे कोण यावरून पुन्हापुन्हा दंगली झाल्या त्या यातूनच.

आपल्याकडं महाराष्ट्रात अधिवासासाठी १५ वर्षं वास्तव्य बघतात. तक्रारी त्यातही आहेत. पण कर्नाटकातून आलेल्याचं पोरगं इथं जन्मून, शिकून, राहून अधिवासी होतं. आजा कुठला ते कुणी विचारत नाही.

निपाणीकर

कागदावर विचारत नाही बाई. भाड्यानं खोली बघताना विचारतात.

मास्तरीणबाई

तेही खरं.

शिरोली_फौंड्री

बऱ्याच उशिरानं येतोय, मार्चअखेरची गडबड. चर्चा भारी चाललीय. पैशाची बाजू कुणी काढली नाही म्हणून मी काढतो.

कानोत असताना महिन्याची एक रीत होती. राजधानी अबुजात दर महिन्याला केंद्र, राज्यं आणि स्थानिक शासनांची बैठक बसते आणि देशाच्या सामाईक खात्यातले पैसे वाटले जातात. तेलाचा पैसा मुख्य. वाटप झाल्याची बातमी आली की बाजार हलायचा. सरकारी पगार होणार म्हणून दुकानदार माल भरायचे, उधारी मागायला माणसं फिरायची. वाटप लांबलं की सगळं सुस्त. राज्याचा गव्हर्नर कोण, त्यानं काय केलं, यापेक्षा 'वाटप आलं का' हाच सवाल.

हिशेब असा आहे. तेल निघतं त्या राज्यांना आधी किमान १३ टक्के. उरलेल्यातले केंद्राला ५२.६८, राज्यांना २६.७२, स्थानिक शासनांना २०.६०. स्वातंत्र्याच्या वेळी खनिजाच्या उत्पन्नाचा अर्धा वाटा ज्या प्रांतात ते निघतं त्याला मिळायचा. लष्करी राजवटीत तो घासत घासत नगण्य केला. तेल कुठलं? नायजर नदीच्या मुखाकडचं, इजाव, ओगोनी अशा लहान जमातींच्या जमिनीखालचं. त्यांच्या नद्यांवर तेलाची साय, आणि पैसा अबुजाला.

म्हणून मला वाटतं राज्यांची संख्या हा मुद्दाच नाही. पाच भाऊ वेगळे झाले, चुली पाच मांडल्या, पण धान्याची कणगी थोरल्याच्याच खोलीत राहिली तर वेगळं होऊन काय मिळवलं? उलट नवं राज्य मागायचं ते कारभारासाठी नाही, कणगीतून आणखी एक वाटी मिळावी म्हणून. म्हणूनच छत्तीसनंतरही मागण्या थांबत नाहीत.

आणखी एक. तिथं पोलीस दल देशाला मिळून एकच आहे. राज्याचा गव्हर्नर निवडून आलेला असतो, राज्याच्या सुरक्षेचा प्रमुख म्हणवतो, पण पोलीस आयुक्ताला हुकूम अबुजाचा. गावात गोळीबार झाला की गव्हर्नर वर फोन लावत बसतो.

पूर्वपरीक्षा_नापास

दादा, मग आपल्याकडं तरी काय वेगळं आहे? वित्त आयोगानं विभाज्य करातला ४१ टक्के वाटा राज्यांना दिला, पण उपकर आणि अधिभार त्या वाटपात धरतच नाहीत. केंद्र तेच वाढवत जातं. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्र नको म्हणालं की विषय संपला. (हे मात्र परीक्षेला येतं.)

शिरोली_फौंड्री

भावा, या वेळी पास होणार तू. आमच्या जॉबवर्कचा जीएसटी किती असावा हे ठरवायला मुंबईचा मंत्री दिल्लीत जाऊन हात वर करतो, हे आहेच. पण आपल्याकडं पोलीस, जमीन, शेती, पाणी राज्याकडं आहे. स्वतःचा कर गोळा करणारी राज्यं आहेत. तिथं लागोस सोडलं तर बहुतेक राज्यांची मदार वाटपावरच.

बावड्याचा_वकील

आणि राज्याच्या राजधानीत आलेली सत्ता पुढं खाली उतरत नाही, हा रोग दोन्हीकडं सारखा. नायजेरियात ७७४ स्थानिक शासनं आहेत. त्यांचा तो वीस टक्के वाटा राज्यांबरोबरच्या संयुक्त खात्यात जायचा आणि गव्हर्नर तिथंच मुरवायचे. जुलै २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, पैसे थेट त्यांना द्या, आणि निवडून आलेली मंडळी बसवा, नेमलेली नकोत.

आता इकडं या. शहरांच्या कारभाराची ७४ वी घटनादुरुस्ती, पाच वर्षांनी निवडणूक सक्तीची. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि मग २०२६ पर्यंत प्रशासकच होता. दिल्लीनं राज्याचे अधिकार घेतले की मुंबईत केवढा आरडाओरडा. मुंबईनं आमचे घेतले तेव्हा कुठं गेलं संघराज्य?

एक चांगलं मात्र झालं. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसलं. सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचली. किती दशकं आंदोलन करावं लागलं, ते आमच्या पांढऱ्या झालेल्या केसांना विचारा.

कटवाला

आता वकीलसाहेब शहराच्या अधिकारावर आलेच आहेत तर बोलतो. १९७२ ला महापालिका झाली, तेव्हापासून शहराची हद्द जागची हललेली नाही. बाजूची गावं आमच्या रस्त्यावरनं येणार, आमच्या मंडईत विकणार, केएमटीत (शहराच्या बसमध्ये) बसणार, आणि हद्दीत घ्या म्हटलं की मोर्चा. ही कुठली लोकशाही?

वेशीबाहेरचा

बरं झालं काढलंत. मी पाचगावकडचा. केएमटीत तिकीट काढून बसतो, फुकट नाही. मंडईत माळवं आणतो ते तुम्ही खाता.

आमचं म्हणणं साधं आहे. ग्रामपंचायतीत गटार तुंबली तर सरपंचाच्या दारात जाऊन शिव्या घालता येतात. हद्दीत आलो की अख्ख्या भागाला चार नगरसेवक, त्यातला आपला कोण हेच कळणार नाही. गायरान महापालिकेच्या नावावर, घरफाळा शहराचा, आणि पाणी? शहराच्याच कडेच्या कॉलन्यांत टँकर फिरताना बघतोय आम्ही. धाग्यात वर सगळे म्हणाले की लहानाला मोठ्यानं गिळू नये. आम्ही म्हटलं की लगेच विकासविरोधी.

कटवाला

पण दादा, शहर वाढलं नाही तर निधी येत नाही. निधी नाही तर तुमच्याच पोरांना पुण्याला जावं लागतंय की.

वेशीबाहेरचा

पोरगं पुण्यातच आहे. म्हणून तर सांगतो, विरोधासाठी विरोध नाही.

मास्तरीणबाई

मग अटी घाला ना, सारावाकसारख्या. लेखी.

संत्रानगरी

लेखी तर नागपूर करारही होता, मॅडम.

बावड्याचा_वकील

करार आणि कायदा यात फरक आहे. हद्दवाढीच्या अधिसूचनेतच अट घातली तर न्यायालयात दाद मागता येते. नुसतं आश्वासन असेल तर फक्त मोर्चा काढता येतो. आता तर बेंचही गावातच आहे, एसटीचा खर्चसुद्धा नाही.

शिरोली_फौंड्री

वेशीबाहेरचे दादा, समजा मागितलंच, तर पहिल्या कागदावर काय काय लिहून घ्याल?

वेशीबाहेरचा

तीन गोष्टी. घरफाळा किती वर्षं वाढणार नाही. गायरान कुणाच्या नावावर राहणार. आणि पाणी रोज येणार का एक दिवसाआड. एवढं सहीशिक्क्यासह आणा, सरपंचाला ग्रामसभा लावायला मी सांगतो.